दहावा दागिना

कुटुक.

मी सुईत दोरा ओवत होते. हात तसाच थांबवला. घरात पंख्याचाही आवाज नव्हता, जानेवारीचा महिना. परत ऐकलं. कुटुक. आणि मग काहीतरी बारीक चोखल्याचा आवाज, टेबलाखालून.

“चिनू.”

आवाज बंद.

“चिनू, तोंडात काय आहे?”

“काय नाई.”

“आ कर बघू.”

टेबलक्लॉथ वर झाला, त्याखालून एक तोंड आलं आणि उघडलं. जिभेवर पांढरा दाणा होता. काटे झिजून गुळगुळीत झालेला.

“एकच घेतला. खाली पडलेला.”

“कितवा एकच?”

तिने डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने दुमडून पाहिली. “चौथा.”

मला हसू यायला हवं होतं. आज येतं. तेव्हा मी सुई पिनकुशनमध्ये खुपसली आणि मोठ्याने म्हणाले, “अगं, मोजून केलेत मी दाणे! किती वेळा सांगायचं? एकेक दाणा मोजून!”

त्या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. चिनू साडेचार वर्षांची होती, आम्ही सांगलीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो, आणि तो भोगीचा दिवस होता. दुपारचा दीड. पाच वाजता शिराळकरकाकू येणार होत्या.

काकूंच्या नव्या सुनेची, केतकीची, पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवतात आणि अंगभर हलव्याचे दागिने घालतात. ते दागिने मी करत होते. एकूण दहा. मंगळसूत्र, तन्मणी, हार, बिंदी, कुड्या, नथ, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा झाले होते. दहावी ठुशी हातात होती. दुसऱ्या दिवशी काकूंकडे हळदीकुंकू होतं, साठ-सत्तर बायका येणार होत्या. त्यातली एक तरी म्हणेल, अगंबाई, हे कुणी केलं गं? आणि काकू माझं नाव सांगतील. मी एका कडक कागदाची चिठ्ठीसुद्धा करून ठेवली होती, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात. ‘हलव्याचे दागिने. सौ. अनघा सुहास दांडेकर.’ पहिल्या चिठ्ठीत ‘दागिने’ जरा वर गेलं म्हणून ती फाडून दुसरी केली होती.

हे एवढं नावाचं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण साडेचार वर्षांत मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं राहिली होती तीन. नवरा, सासूबाई आणि माझी आई. बाकी वाणी, डॉक्टर, बालवाडीच्या बाई, खालच्या मजल्यावरचे लोक, सगळ्यांची मी चिनूची आई. आणि साडेचार वर्षांत मी एकही गोष्ट शेवटपर्यंत नेली नव्हती. चहा कधी पूर्ण प्यायले नाही. एम. ए.चं दुसरं वर्ष राहिलं. सुहाससाठी घातलेल्या स्वेटरला एकच बाही होती, आणि ती बाही आता चिनूच्या बाहुलीची झोपायची पिशवी झाली होती. केस विंचरायला घ्यावे तर अर्ध्या भांगात “आई, शू.” त्यामुळे दहा म्हणजे दहा. नऊ नाहीत.

हलवा मीच केला होता. आठ दिवस पहाटे चारला उठून, चिनू उठायच्या आत, परातीत तीळ घेऊन मंद आचेवर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली की पिवळे पडतात. हवा कोरडी आणि थंड असली तरच काटा फुटतो, आणि एकदा फुटला की त्याला पाण्याचा थेंब लागून चालत नाही. बोटांची टोकं भाजून बधिर झाली होती. माझा नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम ऐन भरात होता, त्याच्या ड्युट्या कधीही लागायच्या. तो पहाटे उठून पाणी प्यायला आला की परातीकडे बघून म्हणायचा, “तुमच्याकडे साखरेची रिकव्हरी किती पडते, मॅडम?” आणि जाऊन झोपायचा.

“ये वर. आणि हात दाखव,” मी चिनूला म्हणाले.

तिने दाखवले. बाजरीची भाकरी, लोणी, भोगीच्या भाजीतल्या वांग्याचं साल, आणि तिथून खाली कोपरापर्यंत खडूची निळी पूड.

“हे बघ हात! ह्या हातांनी तू इथे हात लावणार? हे टेबल दिसतंय ना? हात धुतल्याशिवाय ह्या टेबलाला हात लावायचा नाही. काय?”

“हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“शहाणी.”

“आणि धुतल्यावर?”

“धुतल्यावर...” मी सुई परत घेतली. “धुतल्यावर बघू.”

ती हात धुवायला गेली नाही. फ्रॉकला पुसले आणि माझ्या खुर्चीच्या दांडीवर हनुवटी टेकवून उभी राहिली. हलव्याच्या दाण्याला भोक नसतं. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारावी लागते, आणि फास जरा जास्त आवळला की काटा मोडतो. तिचा श्वास माझ्या दंडाला लागत होता.

“आई, हे काय?”

“ठुशी.”

“गळ्यात?”

“गळ्यात.”

“टोचत नाही?”

“टोचते थोडी.”

“मग कशाला घालतात?”

फोन वाजला. माझे हात गुंतलेले होते, मी कोपराने स्पीकर लावला. सासूबाई होत्या, कऱ्हाडहून. थोरल्या दिरांकडे असायच्या.

“अनघा, भोगीची भाजी केलीस का?”

“केली आई.”

“पावटा घातलास ना? आणि हरभरा?”

“सगळं घातलं.”

“भाकरीला तीळ?”

“लावले.”

“चिनू जेवली?”

“अर्धी भाकरी.”

“अर्धीच? तू त्या दाण्यांपाशी बसत असशील, तिच्याकडे कोण बघणार? लहान मूल घरात असताना हा एवढा उपद्व्याप अंगावर घेतलास, मी काही म्हणत नाही...” आणि मग दोन मिनिटं त्या म्हणत होत्या. चिनूचा खोकला, सुहासच्या ड्युट्या, माझी झोप. मी हं, हो, हं करत फास घालत होते. शेवटी त्यांचा आवाज जरा खाली आला.

“लोकांच्या सुनांना नटवतेयस, पण तुझी मात्र पहिली संक्रांत राहिली बघ. हे मार्गशीर्षात गेले आणि सगळंच राहिलं. चंद्रकळा आणलेली मी तुझ्यासाठी. पुढच्या वर्षी करू म्हटलं तर तुला तिसरा महिना, तिळाचा वाससुद्धा सोसेना. मग राहिलंच ते. दर वर्षी कपाट आवरताना साडी हाताला लागते.”

“जाऊ दे हो आई. आता काय त्याचं. मी जरा घाईत आहे, संध्याकाळी बोलू?”

“बोल बाई. पोरीला गार पाणी देऊ नको.”

फोन बंद झाला. चिनू भिंतीकडे बघत होती. तिथे तिच्या बोरन्हाणाचा फोटो होता. सहा महिन्यांची, काळं झबलं, कपाळावर हलव्याचा मुकुट, आणि डोक्यावर बोरं पडल्यामुळे भोकाड पसरलेलं. ते दागिने म्हणजे माझे पहिले. तेव्हाच शिकले मी.

“मी घातलंय,” ती म्हणाली.

“हं.”

“कुणी केलं?”

“मी.”

“आणि तुझं?”

“माझं नाही केलं कुणी. चिनू, मला मोजू दे. एकवीस, बावीस...”

“म्हणजे तुझा फोटो पण नाही?”

“नाही. तेवीस.”

“का?”

“कारण... झालं! चुकले मी! चिनू, तू जा ना जरा. चित्र काढ. बाहुलीला झोपव. काहीही कर, पण माझ्यापासून लांब जा अर्धा तास. हात जोडते तुझ्यापुढे.”

खरंच जोडले मी हात. सुईसकट. ती दुसऱ्या खोलीत गेली, आणि माझ्या लक्षात आलं की तिने दार लोटून घेतलंय. मला त्या क्षणी बरं वाटलं, एवढंच.

तीनला पाच कमी असताना ठुशी झाली.

मी ती दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेली. एकाआड एक दाणा, प्रत्येकाला काटा फुटलेला, मधे सोनेरी जर. दहाही दागिने मोठ्या ट्रेमध्ये काळ्या कागदावर मांडले. टेबलाच्या चारही पायांखाली मी मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, त्यांतलं पाणी पाहिलं. चिठ्ठी ट्रेच्या कोपऱ्यात उभी केली. मग दोन पावलं मागे जाऊन नुसती बघत राहिले. झालं होतं. माझ्या हातून सुरू झालेलं काहीतरी माझ्याच हातून संपलं होतं.

वेळ होता. खोका तयार होता, त्यात मांडायला दहा मिनिटं पुरली असती. पहाटे चारपासून उभी होते मी. आतल्या खोलीतून खडू घासल्याचा आवाज येत होता. मी चटई टाकली, फोनवर साडेतीनचा गजर लावला, फोन उशाशी ठेवला आणि हाक मारली, “चिनू, मी जरा पडते हं. मला उठवू नको. गजर झाला की मीच उठते.”

“बरं,” आतून आलं.

गळ्यावर मुंगी चालत होती.

झोपेतच मला ते कळलं. उजवा हात उचलला आणि सणकून मानेवर मारला. तळव्याला काटे टोचले. काहीतरी कुडकुड मोडलं. बोटं चिकट झाली.

डोळे उघडले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते. अंगावर माझी काळी ओढणी होती. ती तिथे कशी आली याचा विचारही मी केला नाही, कारण उठून बसताना मांडीवर पडली ती ठुशी होती. मधे तुटलेली. दाणे ओलसर, काटे गेलेले, गंगावनाच्या गुंत्यासारखा दोरा. कपाळाला काहीतरी ओढत होतं. हात लावला तर बिंदी. ती कपाळाला चिकटून बसली होती, आणि ओढून काढली तेव्हा चार दाणे कपाळावरच राहिले.

समोर चिनू उभी होती. हातात माझा फोन. फ्रॉक पोटावर भिजलेला, हातांवरून कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं. तोंडभर हसू.

“आई, मी हात धु...”

“एक शब्द बोलू नकोस!”

मी तिच्या हातातून फोन हिसकावला आणि पाठीत धपाटा घातला. एक नाही. दोन.

“आठ दिवस! आठ दिवस मी पहाटे उठतेय! तुला एवढं कळत नाही? पाण्याचा थेंब लागायला नको त्याला, आणि तू ओल्या हातांनी... माझं म्हणून या घरात काही राहू देणार आहेस की नाही? एक वस्तू? एक?”

साडेचार वर्षांच्या मुलीला विचारत होते मी हे.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने ओले हात पाठीमागे लपवले, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गेली आणि तिथे उकिडवी बसली. मला तिचे फक्त गुडघे दिसत होते.

मी टेबलाशी बसले. उरलेले दाणे ताटलीत ओतले. बिंदीला चार लागत होते, ते लावले. ठुशीला चाळीस हवे होते. माझ्याकडे होते सतरा. घाईत फास जास्त आवळला जात होता, दाणा फुटत होता. सोळा. पंधरा.

“चार खाल्लेस ना!” मी कपाटाकडे न बघता ओरडले. “चार खाल्लेस!” जसं काही चारांनी ठुशी झाली असती.

बेल वाजली.

शिराळकरकाकू वेळेच्या पक्क्या. बरोबर पाच. हातात स्वच्छ टॉवेल घातलेली वेताची परडी.

“झालं का गं? बाहेर रिक्षा थांबवलीय. अजून तिळगुळाच्या पिशव्या आणायच्यात, आमचे हे नुसते पेपर वाचत बसलेत.” त्या ट्रेपाशी आल्या आणि खरंच थांबल्या. “अगंबाई! बाजूबंद बघ किती नाजूक. काटा काय छान आलाय. परवा त्या दुकानात बघितले ना मी, नुसते साबुदाणे चिकटवल्यासारखे दिसत होते.” त्यांनी एकेक मोजलं, बोट न लावता. “...बांगड्या, कमरपट्टा. नऊ. ठुशी कुठाय?”

मी ताटली पुढे केली.

काकूंनी ताटलीकडे पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवली. चटई, ओढणी, जमिनीवरच्या ओल्या छोट्या पावलांचे ठसे, कपाटाच्या फटीतले गुडघे.

“हं,” त्या म्हणाल्या. “तरी मी म्हणालेच होते आमच्या ह्यांना. लहान मूल आहे तिच्या घरात, दुकानातूनच आणू. ते म्हणाले, दे त्या मुलीला, हौशी आहे.”

“काकू, मला एक तास द्या. मी दुसरा हलवा...”

“आता कुठला हलवा? आठ दिवस लागतात म्हणून तूच सांगितलंस.” त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला सहन होत नव्हतं. “राहू दे गं. केतकीला माहेरून खरी ठुशी आलीय सोन्याची, तीच घालू. कोण बघतंय एवढं.”

कोण बघतंय एवढं. मी खोका उघडून नऊ दागिने त्यात मांडले. ठुशीची जागा मी मधोमध ठेवली होती. काळा कागद तेवढा दिसत राहिला.

दारात काकू वळल्या. “आणि उद्या यायचं हं, साडेपाचला. सगळ्यांना सांगते मी, चिनूच्या आईने केलेत म्हणून.” मग चष्म्यावरून माझ्याकडे निरखून पाहिलं. “कपाळाला काय लागलंय तुझ्या? साखर?”

मी एका हाताने कपाळ पुसलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत चिठ्ठी होती. ती मी त्यांना दिली नाही. दहा झाले असते तर दिली असती.

त्या गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. घासायची नव्हती तीही घासली. चिनू फटीतून बाहेर आली नव्हती. मी हाक मारली नाही. मला मारायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण जवळ घेतलं असतं तर मी रडले असते, आणि मग तिलाच मला समजवायला लागलं असतं, आणि तेही मला नको होतं. मला त्या वेळी कुणीच नको होतं. मनात आलं, सासूबाई म्हणतात ते खरंय. मग मनात आलं, ते खरं असलं तर मी पुढची दहा वर्षं काय करू? आणि भांडी अजून जोरात आपटली.

पावणेसहाला सुहास आला. बुटांना मळीचा वास, डोळे लाल. दारातच त्याला काहीतरी कळलं.

“काय झालं?”

“विचार तुझ्या मुलीला.”

“कुठाय ती?”

मी साबणाच्या हाताने कपाट दाखवलं. तो तिथे जाऊन खाली बसला. काहीतरी कुजबुजला. मग उठून माझ्यापाशी आला, ताटलीतली ठुशी पाहिली आणि मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं.

“आमच्या कारखान्यात दिवसाला हजारो पोती साखर पडते,” तो म्हणाला, “आणि आपल्या घरात पंचवीस दाणे कमी पडावेत ना.”

“हसू नकोस, सुहास.”

“नाही हसत.”

“गजरसुद्धा वाजला नाही. मी लावला होता. साडेतीनचा. सगळं उलटं व्हायचं असलं की होतंच.”

त्याने मान हलवली. त्याचा फोन बंद पडला होता. आईला फोन करतो म्हणून त्याने माझा घेतला, काचेवरची साखर शर्टाला पुसली. मी नळ सोडला. बराच वेळ त्याचं बोलणं ऐकू आलं नाही.

“अनघा.”

“काय?”

“नळ बंद कर आणि इकडे ये.”

“हात ओले आहेत माझे.”

“तसेच घेऊन ये.”

फोनवर फोटो उघडे होते. पहिल्यात छताचा पंखा. दुसऱ्यात एक गुलाबी काहीतरी, ते तिचं बोट असावं. तिसऱ्यात चटईचा कोपरा आणि माझी पावलं. मग पुढचा.

मी होते. चटईवर, जरा कुशीवर. अंगावर काळी ओढणी, साडीसारखी खांद्यावरून ओढून नीट केलेली, पायांवरचं टोक खोचलेलं. कपाळावर बिंदी, तिरकी, एका भुवईपर्यंत घसरलेली. हनुवटीखाली ठुशी, न तुटलेली, दोन्ही टोकं उशीत खुपसून बसवलेली. आणि मी हसत होते. झोपेत. कशाला हसत होते कोण जाणे. मला आठवतच नाही की मी तसं कधी हसले.

“तीन वाजून एकोणतीस मिनिटं,” सुहास हळूच म्हणाला. “वरती वेळ आहे बघ.”

एका मिनिटाने गजर झाला असणार.

पाठीमागे फरशीवर पावलं वाजली. चिनू फटीतून बाहेर आली होती. माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली, बाबाच्या पायाला धरून, आणि मान वाकडी करून फोनमध्ये डोकावली.

“आता तुझा पण आहे,” ती म्हणाली.

“काय, बाळा?”

“फोटो. आजी म्हणाली ना राहिला. आता नाही राहिला.”

सुहासने माझ्याकडे पाहिलं. आजीच्या फोनचं त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

“हात धुऊन लावला मी,” चिनू म्हणाली. “साबणाने. दोनदा. मग वाटलं अजून घाण असेल म्हणून परत. आणि पाणी लावलं की ते चिकटतं. नायतर पडत होतं सारखं. मग परत पाणी.”

“आणि गजर?” मी विचारलं.

“तो ओरडत होता. मी बंद केला. तू झोपली होतीस ना.”

ती सगळी वाक्यं सरळ होती, एकाखाली एक मांडल्यासारखी. मी फरशीवर बसले, तिच्या उंचीला यावं म्हणून. ओले हात मांडीवर ठेवले. तिला ओढून घ्यायची मला हिंमत होत नव्हती. मी मारलं होतं ती पाठ माझ्यासमोर होती.

“चिनू, ऐक. ठुशी तू नाही तोडलीस. मी तोडली. मुंगी होती, मी झोपेत हात मारला आणि ती मोडली. माझ्या हाताने. तुला मी उगीच... माझं चुकलं. खूप चुकलं.”

मला वाटलं होतं, ती आता रडेल, किंवा गळ्यात पडेल, किंवा निदान म्हणेल की पाठ दुखतेय. पण तिचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिने बाबाच्या हातातून फोन घेतला. मी शिकवलं नव्हतं तरी तिला येत होतं ते. दोन बोटांनी फोटो मोठा केला. बिंदी बाजूला सरकली, ठुशी बाहेर गेली, काळी ओढणी गेली. फोनभर माझं तोंड राहिलं.

तिने त्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत फोनकडे.

“आई, ही आई हसते.”

“हं.”

“तू उठलीस की ही कुठे जाते?”